प्लेटलेट कमी, पण डेंग्यू नाही : घरच्या माणसाला प्लाझ्मा एक्सचेंज सांगितल्यावर काय काय करायचं

पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणाच्या प्लेटलेट कमी आल्या की घरात पहिला शब्द निघतो डेंग्यू. मग पपईच्या पानांचा रस, किवी आणि ब्लड बँकेकडे धावाधाव. बहुतेक वेळा तो डेंग्यूच असतो आणि माणूस आठवड्याभरात उठून बसतो. पण क्वचित एखाद्या घरात लक्षणं जुळत नाहीत. ताप फारसा नाही, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह, प्लेटलेट पंधरा-वीस हजारांवर, हिमोग्लोबिनही घसरलेलं, डोळे पिवळसर, लघवी गडद, आणि माणूस मध्येच असंबद्ध बोलायला लागतो. माझ्या धाकट्या काकीचं असंच झालं. निदान निघालं टीटीपी. डॉक्टर म्हणाले, प्लाझ्मा एक्सचेंज, म्हणजे मशीननं रक्तातला पिवळसर द्रव बदलणं, आजच सुरू करायला पाहिजे. घरात हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. आजोबांनी विचारलं, "किडनी चांगली हाय म्हणताय, खरं मग डायलिसिस कशाला?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर, आणि त्यापुढच्या प्रत्येक टप्प्यावर नातेवाइकांनी नेमकं काय करायचं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच. पण या उपचारात घरच्यांना नुसतं बाहेर बाकड्यावर बसून चालत नाही. यंत्र इस्पितळाचं असतं. त्यात रोज लागणारा प्लाझ्मा मात्र लोकांनी दिलेल्या रक्तातून येतो, आणि तो उभा करण्याची धावपळ बहुतेक करून घरच्यांवरच पडते. ती नीट जमली तर उपचार एक दिवसही खंडत नाही. या आजारात ही फार मोठी गोष्ट आहे.

आधी आजार समजून घ्या

टीटीपी म्हणजे थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. आपल्या रक्तात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं एक लांबलचक प्रथिन असतं. जखम झाली की त्याला प्लेटलेट चिकटतात आणि रक्त थांबतं. हे प्रथिन गरजेपेक्षा लांब राहू नये म्हणून ॲडॅमटीएस-१३ नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करत असतं. टीटीपीमध्ये शरीर या एन्झाइमच्याच विरोधात अँटीबॉडी तयार करतं. एन्झाइम १० टक्क्यांच्या खाली जातं, लांब धागे तसेच राहतात, बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेट त्यांना चिकटत जातात आणि मेंदू, हृदय, किडनी यांच्या केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या अडकतात. त्या गुठळ्यांमधून जाताना तांबड्या पेशी फाटतात. म्हणून हिमोग्लोबिन उतरतं आणि कावीळ दिसते.

म्हणजे प्लेटलेट कमी दिसतात त्या गुठळ्या करण्यात खर्ची पडल्यामुळे. म्हणूनच टीटीपीचा संशय असेल तर जिवावर बेतणारा रक्तस्राव असल्याशिवाय डॉक्टर प्लेटलेट चढवत नाहीत. वीस हजारांचा आकडा बघून नातेवाईक घाबरतात आणि "प्लेटलेट चढवा की" म्हणून मागे लागतात. तसं करू नका. तो आग्रह रुग्णाच्या हिताचा नाही.

एरवी डेंग्यूत ताप आधी येतो, ताप उतरल्यावर प्लेटलेट आणखी घसरतात आणि मग आपोआप चढायला लागतात. रक्त घट्ट होत असल्यामुळे हिमोग्लोबिन सहसा कमी होत नाही. टीटीपीत प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिनही पडतं आणि पेशी फुटल्याचं दाखवणारा एलडीएच नावाचा आकडा खूप वर जातो. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी तपासणी म्हणजे पेरिफेरल स्मिअर. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्यात तुटक्या तांबड्या पेशी दिसल्या, म्हणजे रिपोर्टमध्ये शिस्टोसाइट असा शब्द आला, की दिशा बदलते. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही घसरत असतील, डेंग्यू निगेटिव्ह असेल, तर "स्मिअर बघितला का?" असं डॉक्टरांना नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

या आजाराचं पहिलं वर्णन १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत झालं. ती वाचली नाही, आणि पुढची कित्येक दशकं दहातले नऊ रुग्ण दगावत. १९९१ साली कॅनडातल्या अभ्यासात १०२ रुग्णांना दोन गटांत विभागून नुसता प्लाझ्मा चढवणं आणि प्लाझ्मा बदलणं यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी प्लाझ्मा बदललेल्यांपैकी ७८ टक्के जिवंत होते, नुसता चढवलेल्यांपैकी ६३ टक्के. तेव्हापासून प्लाझ्मा एक्सचेंज हाच टीटीपीचा मुख्य उपचार आहे.

हाच उपचार इतर काही आजारांतही लागतो. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या साथीमुळे सगळ्यांना ठाऊक झाला. त्यात पायांपासून वर अशक्तपणा चढत जातो. तिथे प्लाझ्मा एक्सचेंज साधारण चार ते सहा वेळा, बहुधा एक दिवसाआड करतात. त्याला तोडीस तोड पर्याय म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं, पाच दिवस. दोन्ही एकामागून एक दिल्याने जास्त फायदा होत नाही, त्यामुळे "दोन्ही करा" असं सुचवू नका. मशीन कुठे आहे, कुठलं लवकर सुरू होईल आणि खर्च किती, यावरून डॉक्टर एक निवडतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असलेला रुग्ण श्वासाच्या संकटात सापडला तरी हाच उपचार करतात. जीबीएस आणि मायस्थेनियामध्ये घरच्यांनी एक गोष्ट दिवसातून चार-पाच वेळा करावी: रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला लावून एका दमात मोठ्यानं आकडे म्हणायला सांगायचं. सकाळी तीसपर्यंत जाणारा माणूस संध्याकाळी पंधरावर थांबला तर त्याच मिनिटाला नर्सला सांगायचं. श्वास कमी पडत असल्याचं हे लक्षण ऑक्सिजनच्या आकड्याच्या आधी दिसतं.

मशीनमध्ये नक्की काय होतं

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. डायलिसिसमध्ये युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम असले बारीक कण चाळणीतून बाहेर काढतात. अँटीबॉडी त्या चाळणीतून जात नाहीत, त्या फार मोठ्या असतात. त्यामुळे इथे रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, सगळाच्या सगळा वेगळा काढून टाकतात आणि तांबड्या-पांढऱ्या पेशी व प्लेटलेट रुग्णाला परत देतात. काढलेल्या प्लाझ्माच्या जागी तेवढाच नवा द्रव घालतात.

वेगळं करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकात रक्त वेगानं फिरवतात आणि वजनाप्रमाणे थर वेगळे होतात. डेअरीत दुधातून मलई वेगळी काढतात तसं. हे ॲफेरेसिस मशीन बऱ्याचदा ब्लड बँकेच्या ताब्यात असतं. दुसऱ्या पद्धतीत मोठ्या छिद्रांचा खास फिल्टर डायलिसिससारख्या मशीनला जोडतात आणि हे काम किडनी विभाग बघतो. दुरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून डायलिसिसचा गैरसमज होतो. दोन्ही पद्धती चालतात.

जीबीएस, मायस्थेनियामध्ये काढलेल्या प्लाझ्माच्या जागी बहुधा अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचं द्रावण आणि सलाइन घालतात. टीटीपीत मात्र दात्यांचाच प्लाझ्मा लागतो, कारण जे एन्झाइम रुग्णाकडे नाही ते त्यातूनच मिळतं. वाईट अँटीबॉडी बाहेर, हवं ते एन्झाइम आत, अशी दोन कामं एकाच वेळी होतात. एका वेळेला रुग्णाच्या अंगातल्या प्लाझ्माइतकाच प्लाझ्मा बदलला तर अँटीबॉडींचा साधारण दोन तृतीयांश भाग निघतो. उरलेल्या शरीरात इतरत्र असतात, त्या पुन्हा रक्तात येतात. म्हणून पुन्हा पुन्हा करावं लागतं. "रक्त नासलंय", "बाधा आहे" असं गावात कुणी बोललं तर मनावर घेऊ नका. रुग्णाचं किंवा घरच्यांचं काहीही चुकलेलं नसतं.

पहिले काही तास

टीटीपीचा संशय आला की त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवा. तुम्ही जिथे आहात तिथे हा उपचार होत नसेल तर हलवण्याचा निर्णय लांबवू नका. खानापूर, बैलहोंगल, हुक्केरीकडच्या लोकांनी पहिला फोन बेळगावला करावा. नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे इस्पितळ आणि सिव्हिल, म्हणजे बिम्स, ही दोन मोठी शिकवणारी इस्पितळं शहरात आहेत. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, अथणी-कागवाडवाल्यांना मिरज-सांगली. हुबळी बेळगावपासून शंभरेक किलोमीटर. रुग्ण बोलण्यात गोंधळत असेल तर बंगळूरचा पाचशे किलोमीटरचा प्रवास पहिल्याच रात्री करण्यापेक्षा जवळच्या ठिकाणी उपचार सुरू करून मग विचार करणं शहाणपणाचं.

निघण्याआधी समोरच्या इस्पितळाला फोन करून तीन गोष्टी विचारा. प्लाझ्मा एक्सचेंजचं मशीन आणि त्याची किट आज उपलब्ध आहे का. ते चालवणारी माणसं रात्री, रविवारी येतात का. आणि आमच्या रक्तगटाचा प्लाझ्मा ब्लड बँकेत किती पिशव्या आहे. "आमच्याकडे सोय आहे" एवढ्या उत्तरावर गाडी काढू नका. शक्य असेल तर हा फोन तुमच्या डॉक्टरांनाच करायला सांगा. डॉक्टर-डॉक्टरांचं बोलणं दोन मिनिटांत होतं.

प्रवासाला किंवा मशीन जुळवायला काही तास लागणार असतील तर तोवर नुसता प्लाझ्मा चढवून ठेवता येईल का, हेही विचारा. तो पूर्ण उपचार नव्हे, पण मधल्या वेळेला आधार होतो.

सगळ्यांत महत्त्वाचं: ॲडॅमटीएस-१३ च्या तपासणीचं रक्त प्लाझ्मा द्यायच्या आधी काढलेलं असलं पाहिजे. दात्याचा प्लाझ्मा अंगात गेला की त्यातलं एन्झाइम मिसळतं आणि रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड होतं. ही तपासणी बहुधा मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवावी लागते आणि रिपोर्टला काही दिवस जातात. डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाहीत. स्मिअर, प्लेटलेट, क्रिएटिनिन वगैरे बघून अंदाज बांधतात आणि उपचार सुरू करतात. ते बरोबरच आहे. तुम्ही फक्त एवढं बघा की नमुना घेतला गेला आहे आणि तो कुठल्या लॅबला गेला, त्याची पावती तुमच्याकडे आहे.

सोबत काय न्यायचं? आधीचे सगळे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, झाडपाल्याचं औषध घेतलं असेल तर तेही सांगा. बाई असेल तर पाळी चुकली आहे का, अलीकडे बाळंतपण झालंय का. गरोदरपणात टीटीपी उफाळू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी नावं असतील तर आवर्जून सांगा. या गोळ्या चालू असताना, विशेषतः अल्ब्युमिन वापरून प्लाझ्मा एक्सचेंज केला तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून डॉक्टर त्या आधी थांबवतात.

प्लाझ्माचा हिशेब

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण घरच्यांची खरी दमछाक इथेच होते.

एका वेळेला किती प्लाझ्मा लागेल याचा साधा हिशेब आहे. वजन किलोमध्ये गुणिले ०.०६५, त्याला एक वजा हिमॅटोक्रिटनं (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणानं) गुणायचं. पन्नास किलोची बाई, हिमॅटोक्रिट २४ टक्के, तर ५० × ०.०६५ × ०.७६, म्हणजे जवळजवळ अडीच लिटर. रक्ताच्या एका पिशवीतून प्लाझ्मा निघतो दीडशे ते सव्वादोनशे मिलीलिटर. म्हणजे एका वेळेला बारा ते सोळा पिशव्या. टीटीपीत हे रोज करायचं असतं, प्लेटलेट दीड लाखाच्या वर जाऊन सलग दोन दिवस तिथेच राहीपर्यंत. पाच दिवस लागले तरी साठ ते ऐंशी पिशव्या होतात, आणि काहींना दहा-बारा दिवसही लागतात.

आकडा ऐकून घाबरू नका. प्लाझ्मा उणे तापमानात गोठवून वर्षभर टिकतो. बहुतेक ब्लड बँकांना तांबड्या पेशींची चणचण असते, प्लाझ्मा मात्र बऱ्यापैकी शिल्लक असतो. शिवाय प्लाझ्माचे रक्तगटाचे नियम रक्ताच्या उलट असतात. एबी गटाचा प्लाझ्मा कुणालाही चालतो. ओ गटाच्या रुग्णाला कुठल्याही गटाचा प्लाझ्मा चालतो. ए वाल्याला ए किंवा एबी, बी वाल्याला बी किंवा एबी. एबी गटाच्या रुग्णाला मात्र एबीच लागतो, त्यांनी पहिल्या तासापासून शोध सुरू करावा. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा प्रश्न प्लाझ्मात सहसा येत नाही. अंतिम शब्द तुमच्या ब्लड बँकेचा, पण हे माहीत असलं की "ओ निगेटिव्ह दाते हवेत" असले चुकीचे मेसेज फिरत नाहीत.

तुमच्या दात्याचा प्लाझ्मा थेट तुमच्याच रुग्णाला जातो असं नाही. रक्त घेतलं की तपासण्या होतात, घटक वेगळे होतात, साठ्यात जातात. दाते आणायचे ते बँकेचा साठा भरून निघावा म्हणून. त्यामुळे दात्याचा गट कुठलाही चालतो का, हे बँकेला विचारून घ्या. बहुधा चालतो. आणि सगळी गल्ली एकाच दिवशी आणू नका. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस, बाईला १२० दिवस थांबावं लागतं. पहिल्याच दिवशी चाळीस जण देऊन मोकळे झाले तर पुढच्या आठवड्यात कुणाला बोलावणार? रोज सहा-सात जणांची यादी करा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, नाश्ता करून आलेले, आदल्या रात्री दारू न घेतलेले. नुकतीच दाढ काढलेला, टॅटू काढलेला किंवा अँटिबायोटिक चालू असलेला माणूस आठ-दहा मैलांवरून येऊन परत जातो आणि सगळ्यांचाच हिरमोड होतो. फोनवरच विचारून घ्या.

आपल्याकडे गणेशोत्सव आणि शिवजयंतीची मंडळं रक्तदान शिबिरं घेतात. त्यांच्याकडे दात्यांच्या गटवार याद्या असतात. येळ्ळूर, कडोली, उचगावसारख्या मोठ्या गावांत एका मंडळाचा अध्यक्ष मनावर घेईल तर दुपारपर्यंत माणसं उभी राहतात. चंदगड-गडहिंग्लजकडचे पाहुणे कोल्हापुरात रक्त द्यायला तयार असतील तर ते बेळगावच्या बँकेत धरलं जाईल का, हे आधी दोन्हीकडे विचारा. आपोआप धरलं जात नाही. कुठल्या बँकेत किती साठा आहे ते केंद्र सरकारच्या ई-रक्तकोश संकेतस्थळावर जिल्ह्याप्रमाणे दिसतं. तो आकडा फोन करून पडताळायचा.

मेसेज कसा असावा? असा:

"रुग्ण स्त्री, वय ४२, रक्तगट बी. बेळगावात अमुक इस्पितळात दाखल. प्लाझ्मा हवा आहे, बी किंवा एबी गटाचा. रक्त देण्यासाठी कुठल्याही गटाचे दाते चालतील. उद्या सकाळी ९ ते १२ मध्ये सहा जण हवे आहेत. येण्याआधी खालच्या नंबरवर फोन करा. गरज पूर्ण झाली की याच ठिकाणी कळवू."

तारीख घाला. शेवटचं वाक्य पाळा. गरज संपल्यावरही महिनाभर फोन येत राहतात ते तारीख नसल्यामुळे. आजाराचं पूर्ण नाव आणि रुग्णाचा फोटो टाकू नका, त्याची गरज नसते.

पिशव्या दुसऱ्या बँकेतून आणायच्या असतील तर इस्पितळाचं मागणीपत्र, रुग्णाच्या रक्ताचा नमुना आणि बर्फाची पेटी लागते. वितळवायचं काम आपण करायचं नाही. बँकेत ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात, त्याला वीस-तीस मिनिटं जातात. एकदा वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवता येत नाही. म्हणून रुग्णाला लाइन टाकून झाली, मशीन लागलं, असा वॉर्डातून निरोप आल्यावरच वितळवायला सांगा. घाईत आधी वितळवलेल्या डझनभर पिशव्या वाया गेल्याचं दुःख फार मोठं असतं, कारण प्रत्येक पिशवीमागं एक माणूस असतो.

सही करण्याआधी, आणि मशीन चालू असताना

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं. घरातल्या मोठ्या माणसाला ते वाचता येत नसेल तर मराठीत समजावून सांगा म्हणावं. आपल्याला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि बेळगावच्या इस्पितळात मराठी बोलणारी नर्स किंवा ब्रदर सापडतोच. विचारायच्या गोष्टी: लाइन कुठे टाकणार, किती वेळा करायचं ठरतंय, रोजचा खर्च किती, आणि अतिदक्षता विभागात किती दिवस.

लाइन म्हणजे मानेच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत बसवलेली जाड नळी. प्लेटलेट इतक्या कमी असताना नळी टाकणार म्हणून भीती वाटते. सोनोग्राफीवर बघून, अनुभवी हातानं ती टाकली जाते आणि टीटीपीत त्यासाठी प्लेटलेट चढवायची गरज सहसा पडत नाही. नळीची जागा कोरडी राहिली पाहिजे. तिथे लाली, पू, दुखणं किंवा हुडहुडी भरून ताप आला तर लगेच सांगायचं.

एका वेळेला दोन ते चार तास लागतात. रक्त नळीत गोठू नये म्हणून सायट्रेट वापरतात, ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. पहिली खूण ओठांपाशी येते: मुंग्या, मग बोटांच्या टोकांना झिणझिण्या, मग हाताला पेटके. काकी पहिल्या दिवशी ओठ चावत होती आणि विचारल्यावर "काही नाही" म्हणाली. वॉर्डातल्या मावशींना त्रास नको म्हणून गप्प राहणाऱ्या बायकांना हे आधीच सांगून ठेवा की ओठाला मुंग्या आल्या की बोलायचं. कॅल्शियम दिलं की काही मिनिटांत थांबतं. दात्याच्या प्लाझ्मामुळे अंगावर पित्त उठतं, खाज येते, थंडी वाजते. त्यावर औषध देऊन मशीन पुन्हा चालू करतात. छातीत दाटणं, धाप लागणं, चक्कर येणं हे मात्र त्याच क्षणी सांगायचं. त्या दिवशीच्या गोळ्या मशीनआधी द्यायच्या की नंतर, ते रोज विचारा. आधी घेतलेली काही औषधं प्लाझ्माबरोबर निघून जातात.

रिपोर्ट कसा वाचायचा

एक वही करा. तारीख, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, एलडीएच, क्रिएटिनिन, वापरलेल्या पिशव्या. सहा रकाने, बास. प्लेटलेट वर आणि एलडीएच खाली, ही दिशा हवी. माणूस शुद्धीवर येणं, नीट बोलायला लागणं हे बऱ्याचदा आकड्यांच्या आधी दिसतं. मध्येच एखाद्या दिवशी प्लेटलेट घसरतात. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका.

प्लाझ्मानं वेळ मिळतो. अँटीबॉडी तयार होणं थांबवायला स्टेरॉइड आणि बऱ्याच रुग्णांना रिटुक्सिमॅब देतात. स्टेरॉइडनं साखर वाढते, झोप उडते, चिडचिड होते. रिटुक्सिमॅबआधी हेपॅटायटिस बीची तपासणी झालेली असली पाहिजे. डिस्चार्जची घाई करू नका: उपचार थांबवल्यावर पहिल्या तीस दिवसांत आजार परत डोकं वर काढू शकतो, म्हणून लाइन काही दिवस तशीच ठेवण्याचा सल्ला मिळाला तर त्यामागं कारण असतं.

पैसे आणि कागद

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. मोठ्या उपचारांना सरकारी इस्पितळाची शिफारसचिठ्ठी लागते, तातडीच्या ठरावीक प्रसंगी ती नसली तरी चालते. दाखल होताच आरोग्यमित्राकडे, म्हणजे इस्पितळात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, जा आणि "तातडीचं म्हणून नोंद होईल का, कुठल्या पॅकेजखाली?" असं थेट विचारा. महाराष्ट्र शासनानं २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कोल्हापूर, मिरजेला जाणार असाल तर तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि कुठला रहिवासी पुरावा चालतो, हे तिथल्या आरोग्यमित्राला निघण्याआधी फोनवर विचारा. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव, वय जुळतं का तेही बघा. मराठी नावाचं कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं आणि ऐन वेळी अर्ज अडतो. अशा वेळी ग्रामपंचायतीचा दाखला कामी येतो.

खर्चात तीन वेगळे भाग धरा: मशीनची किट, प्लाझ्माच्या पिशव्या, आणि अतिदक्षता विभागाचं रोजचं भाडं. यांतला कुठला योजनेत बसतो आणि कुठला खिशातून, ते पहिल्या दिवशीच लिहून घ्या. सगळ्या कागदांच्या प्रती मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या मिळायला हव्यात.

घरी आल्यावर

अशक्तपणा, विसरभोळेपणा, उदासपणा काही महिने राहतो. शेतातल्या कामाला लगेच जुंपू नका. पहिले काही आठवडे डॉक्टर सांगतील त्या दिवशी सीबीसी, ते तालुक्याच्या लॅबमध्ये होतं. त्यानंतर ॲडॅमटीएस-१३ ची तपासणी ठरावीक अंतरानं करत राहायची: सुरुवातीला साधारण महिन्याला, मग तीन महिन्यांनी, पुढे सहा ते बारा महिन्यांनी. खर्चिक आहे, पण चुकवू नका. काही जणांमध्ये हा आजार महिन्यांनी किंवा वर्षांनी उलटतो, आणि प्लेटलेट पडायच्या आधी हे एन्झाइम घसरलेलं दिसतं. तेव्हाच औषध दिलं तर पुन्हा मशीनपर्यंत जायची वेळ टळू शकते. मूल हवं असेल तर गरोदर राहण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांशी बोलायचं.

एका कार्डावर आजाराचं नाव, रक्तगट, उपचार झालेलं इस्पितळ आणि "प्लेटलेट देण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांशी बोला" एवढं लिहून, लॅमिनेट करून पाकिटात ठेवा. एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये फोटो काढून. अंगावर बारीक तांबडे ठिपके, न लागता उठलेले काळेनिळे डाग, गडद लघवी, न थांबणारी डोकेदुखी, बोलण्यात अडखळणं, एका बाजूला बधिरपणा, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सीबीसी आणि स्मिअर करून घ्या. पावसाळा असला आणि गल्लीत चार डेंग्यूचे रुग्ण असले तरी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की यांना आधी टीटीपी होऊन गेलाय.